१४४ सामने, १२ नापास

२९ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी मोनाकोच्या ग्रिमाल्डी फोरममध्ये ख्रिस्तियानो रोनाल्डो मंचावर आला, तो सोडतीचं एक बटण दाबायला. चॅम्पियन्स लीगच्या इतिहासात सर्वाधिक १४० गोल केल्याबद्दल त्याच कार्यक्रमात त्याला खास पुरस्कार मिळाला होता. पुरस्कारानंतर जे काम वाट्याला आलं, त्यात साधं ऑफसाइडसुद्धा होता येत नाही. शेजारी जानलुइजी बुफॉन चेंडू उचलायला उभा होता. म्हणजे जगातला एक नामांकित गोलरक्षक आणि एक नामांकित गोलंदाज (फुटबॉलच्या अर्थाने) असे दोघं मिळून एका संगणकाची सरबराई करत होते.

पूर्वी कोण कुणाशी खेळणार हे ठरवणारा हा सोडतीचा सोहळा सुटसुटीत असे. काचेची भांडी, त्यात चेंडू, चेंडूत चिठ्ठी. निवृत्त खेळाडू सुटाबुटात येऊन चेंडू पिळायचे, चिठ्ठी उलगडायचे आणि ती उलटी तर धरली नाही ना, हे पाहून कॅमेऱ्याला दाखवायचे. नव्या पद्धतीत तसंच करायचं म्हटलं तर हजाराच्या आसपास चेंडू लागतील आणि तीन-चार तास जातील, असं युरोपीय फुटबॉलची संघटना असलेल्या युएफाने आधीच सांगून टाकलं. चार तास चिठ्ठ्या उलगडणारा बुफॉन बघण्याची तयारी असलेले लोक इटलीत सापडले असते. बाकी युरोपाचं सांगता येत नाही.

एवढे चेंडू लागण्याचं कारण असं की २०२४-२५ पासून स्पर्धेचा सांगाडाच बदलला. ३२ संघ, चार-चारचे आठ गट, प्रत्येकाचे सहा सामने, पहिले दोघं पुढे, हे गणित शाळकरी पोराच्या तोंडपाठ होतं. ते मोडीत निघालं. आता ३६ संघ आणि सगळ्यांची मिळून एकच लांबलचक गुणतालिका. प्रत्येकाने आठ सामने खेळायचे, आठ निरनिराळ्या संघांशी. चार घरी, चार बाहेर. संघांचे नऊ-नऊचे चार कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्यातले दोन प्रतिस्पर्धी द्यायचे, एक घरी बोलवायचा, एकाकडे जायचं. आपल्याच देशातला संघ नको, आणि परक्या एकाच देशातले दोनपेक्षा जास्त नकोत. शेवटी पहिले आठ थेट शेवटच्या सोळात. नवव्यापासून चोविसाव्यापर्यंतचे आपापसात दोन-दोन सामने खेळून उरलेल्या आठ जागा भरणार. पंचविसाव्यापासून खालच्यांनी घरी जायचं.

गंमत आकड्यांत आहे. जुन्या पद्धतीत ९६ सामने खेळवून १६ संघांना बाहेर काढलं जायचं. नव्या पद्धतीत साखळीचे १४४ सामने झाले आणि त्यातून बाहेर पडले फक्त १२. सप्टेंबर ते जानेवारी एवढा मोठा कारखाना चालवून चाळणीतून गळाले ते एवढेच. एखाद्या बोर्डाने परीक्षा दीडपट लांबवावी आणि निकालही वाढवून दाखवावा, तसा हा प्रकार. पालकांची तक्रार नाही, शाळांची तर नाहीच नाही.

शाळा खूश असण्यामागे इतिहास आहे. १८ एप्रिल २०२१ च्या रात्री युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी ‘सुपर लीग’ नावाचा सवतासुभा जाहीर केला होता. चाहत्यांनी, विशेषतः इंग्लंडमधल्या, असा काही शिमगा केला की दोन दिवसांत तो डाव कोसळला. पण बड्यांना मोठे सामने आणि मोठे पैसे जास्त हवे आहेत, हा निरोप युएफाला आधीपासूनच कळलेला होता. तो डाव जाहीर झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी युएफाने या नव्या आराखड्याच्या पहिल्या रूपावर शिक्का मारला. स्पर्धेतले एकूण सामने १२५ वरून १८९ वर गेले. साखळीत नुसतं हजर राहण्याचे प्रत्येक क्लबला १ कोटी ८६ लाख २० हजार युरो ठरले. जिंकल्यास दर सामन्याला २१ लाख वेगळे.

हजेरीच्या या पैशाचं सोनं कुणी केलं असेल, तर स्लोवान ब्रातिस्लाव्हा आणि बर्नचे यंग बॉइज या दोघांनी. दोघंही आठपैकी आठ सामने हरले. तालिकेत ‘शून्य’ हा गुण दोघांपुढे सारख्याच डौलाने उभा होता, त्यामुळे शेवटचा कोण हे गोलफरकावर ठरवावं लागलं. स्लोवानचा उणे २०, यंग बॉइजचा उणे २१. एका गोलाने स्लोवान पस्तिसावा आला. छत्तीस संघांच्या तालिकेत पस्तिसाव्या जागेसाठीही अशी चुरस होऊ शकते, हे नव्या पद्धतीचं यश म्हणायला हरकत नाही.

आता इतकं काटेकोर यंत्र म्हटल्यावर निकालही यंत्रासारखे लागायला हवे होते. पण सॉफ्टवेअरची हद्द मैदानाच्या कडेला संपते. आत माणसं असतात.

टायरन मिंग्जचंच बघा. अ‍ॅस्टन व्हिला १९८२-८३ नंतर पहिल्यांदाच युरोपच्या या सर्वोच्च स्पर्धेत आलेला. १९८२ च्या अंतिम सामन्यात त्यांनी बायर्न म्युनिकला १-० ने हरवून करंडक नेला होता. या वेळीही ऑक्टोबरमध्ये बायर्न व्हिला पार्कवर आला आणि पुन्हा १-० नेच हरून गेला. पहिले तिन्ही सामने व्हिलाने एकही गोल न खाता जिंकले. मग ६ नोव्हेंबरला ते बेल्जियममध्ये क्लब ब्रूजकडे गेले. सामना गोलशून्य, दुसरा अर्ध नुकता सुरू झालेला. व्हिलाची गोलकिक. गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने चेंडू ठेवला आणि बाजूला उभ्या असलेल्या मिंग्जकडे हलकेच सरकवला. गोलकिक झाली. खेळ सुरू झाला. हे मैदानावर सगळ्यांना कळलं. मिंग्जला कळलं नाही. किक अजून घ्यायची आहे आणि ती आपणच घ्यायची आहे, अशा समजुतीने तो शांतपणे खाली वाकला, आपल्याच पेनल्टी क्षेत्रात चेंडू हातात उचलला आणि नीट मांडून ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्यतत्पर माणसाची निरागसता होती. ब्रूजचे खेळाडू हात वर करून ओरडत धावले, पंचांनी पेनल्टी दिली, हान्स वानाकेनने ती मारली आणि व्हिलाने या स्पर्धेत त्या मोसमातला पहिला गोल खाल्ला, तो असा.

सात महिन्यांपूर्वी, आधीच्या मोसमात, आर्सेनलच्या गाब्रिएलनेही बायर्नविरुद्ध हेच केलं होतं. तेव्हा पंचांनी पेनल्टी दिली नाही. ‘ही पोरकट चूक आहे’ असं पंच म्हणाल्याचं बायर्नचे प्रशिक्षक थॉमस टुखेल सांगत होते आणि सांगताना संतापत होते. मिंग्जच्या वाट्याला असे दयाळू पंच आले नाहीत.

हा किस्सा हसून सोडून देता आला असता, पण तालिकेने त्याची आठवण ठेवली. ती कशी, हे कळायला २९ जानेवारी २०२५ ची रात्र उजाडावी लागली.

त्याच्या आठवडाभर आधी मात्र लिस्बनमध्ये एक वेगळाच तमाशा झाला. बार्सिलोनाच्या गोलात होता वोइचेख श्चेन्स्नी. हा पोलिश गोलरक्षक ऑगस्टमध्ये निवृत्त झालेला. आपण सिगारेट ओढतो हे तो लपवत नाही आणि सोडायचंही मनावर घेत नाही. बार्सिलोनाचा मुख्य गोलरक्षक टेर स्टेगन जखमी झाला म्हणून ऑक्टोबरमध्ये याला निवृत्तीतून उठवून आणलं. २१ जानेवारीला मुसळधार पावसात बेन्फिकाच्या पाव्हलिडिसने अर्ध्या तासात तीन गोल केले. त्यातल्या दुसऱ्या गोलाआधी श्चेन्स्नी चेंडूवर तुटून पडायला क्षेत्राबाहेर धावत आला आणि जोरात आदळला तो आपल्याच बाल्देवर. दोघं आडवे, चेंडू पाव्हलिडिसच्या पायाशी, गोल मोकळा. तिसरा गोल पेनल्टीवर. ती पेनल्टीही श्चेन्स्नीनेच बहाल केलेली.

पण औदार्य एकाच बाजूला असेल तर तो सामना कसला. दुसऱ्या अर्धात बेन्फिकाचा गोलरक्षक त्रुबिन याने चेंडू लांब भिरकावायला म्हणून सणसणीत लाथ मारली, ती थेट समोरच्या, बार्सिलोनाच्या राफिन्याच्या डोक्यावर. राफिन्याने काही केलं नाही. त्याचं डोकं तिथे होतं, एवढंच. चेंडू डोक्यावरून उलट फिरला आणि जाळ्यात गेला. ७८ व्या मिनिटाला बेन्फिका ४-२ ने पुढे असतानाही सामना ५-४ असा बार्सिलोनाने जिंकला, शेवटचा गोल ९६ व्या मिनिटाला, पुन्हा राफिन्याचाच. या खेपेला पायाने आणि जाणूनबुजून.

तर २९ जानेवारी. साखळीचा शेवटचा दिवस. सगळे ३६ संघ, १८ सामने, एकाच ठोक्याला सुरू. भारतात तेव्हा रात्रीचा दीड. कोल्हापुरात किंवा मडगावात फुटबॉलसाठी जागणाऱ्याला दीडची सवय असते, पण अठरा सामन्यांची नसते. कुठला लावायचा? एकावर नजर ठेवावी तर सतरा ठिकाणी गोल व्हायचे. त्या रात्री एकूण ६४ गोल झाले, आणि दर गोलाला गुणतालिका अशी हलायची की आता सोळावा दिसलेला संघ पाणी पिऊन येईपर्यंत एकोणिसावा झालेला असे.

सगळ्यांचे डोळे होते मँचेस्टर सिटीवर. २०२३ चा विजेता, पेप गार्डिओलाचा संघ, आणि शेवटच्या दिवशी पंचविसाव्या जागेवर, म्हणजे दाराबाहेर. नोव्हेंबरात त्यांनी फेयेनोर्डविरुद्ध ७५ व्या मिनिटापर्यंत ३-० अशी आघाडी घेऊन सामना ३-३ असा सोडवला होता. जानेवारीत पॅरिसला पीएसजीविरुद्ध २-० वरून ४-२ ने हरले होते. आता जिंकले तरच तरणार. समोर कोण? क्लब ब्रूज. मध्यंतराला ब्रूज १-० ने पुढे. गार्डिओलाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मग कोवाचिचने बरोबरी केली, ब्रूजच्या ऑर्डोन्येझने स्वतःच्याच गोलात चेंडू घातला, साविन्योने तिसरा मारला. सिटी ३-१ ने जिंकला आणि बाविसावा आला. काठावर पास.

त्याच वेळी झाग्रेबमध्ये डिनामो झाग्रेबने एसी मिलानला २-१ असं हरवलं. सात वेळचा विजेता मिलान लोळवलेला, प्रेक्षक बेभान. आणि झाग्रेब बाहेर! गुण ११, ब्रूजचेही ११. पण ब्रूजचा गोलफरक उणे ४, झाग्रेबचा उणे ७. म्हणजे हरलेला ब्रूज चोविसावा येऊन पुढे गेला आणि जिंकलेला झाग्रेब पंचविसावा येऊन घरी बसला. झाग्रेबचं खातं बुडालं होतं ते अगदी पहिल्याच सामन्यात. सप्टेंबरमध्ये म्युनिकला बायर्नने त्यांना ९-२ असं धुतलं होतं. एकट्या हॅरी केनने चार मारले, त्यातल्या तीन पेनल्टी. ती रात्र वगळली तर झाग्रेबचा गोलफरक चक्क शून्य भरतो.

आणि आता मिंग्ज. त्याने चेंडू हातात घेतला नसता आणि तो सामना गोलशून्य सुटला असता, तर ब्रूजचे गुण झाले असते नऊ, आणि चोविसावा आला असता झाग्रेब. क्रोएशियातल्या त्या क्लबाचा त्या सामन्याशी काडीचा संबंध नव्हता. एका इंग्रजाने बेल्जियममध्ये चेंडू उचलला आणि दार बंद झालं ते झाग्रेबचं. पुढच्या फेरीत ब्रूजने अटलांटाला बाहेर काढलं आणि शेवटच्या सोळात त्यांची गाठ पडली ती पुन्हा व्हिलाशीच. व्हिलाने दोन सामन्यांत मिळून ६-१ असा निकाल लावला. त्यातला एक गोल ब्रूजच्या मेखलेने स्वतःच्या जाळ्यात मारून दिला. फिट्टंफाट.

फेब्रुवारीतल्या बाद फेरीत मँचेस्टर सिटीपुढे आला रियल माद्रिद. आदल्या ऑक्टोबरात बॅलन डी’ओर हा सर्वोत्तम खेळाडूचा मान सिटीच्या रोद्रीला मिळाला. आपल्या विनिसियसला नाही मिळाला म्हणून रियलने अख्ख्या सोहळ्यावरच बहिष्कार टाकला होता. सिटीच्या चाहत्यांनी ही संधी साधली. रोद्री करंडकाचं चुंबन घेतोय असा भलाथोरला फलक, आणि त्यावर मँचेस्टरच्याच ओअ‍ॅसिस बँडच्या गाण्याचं शीर्षक, ज्याचा भावार्थ ‘पुरे कर आता ते रडणं’. फलक देखणा होता. ८५ व्या मिनिटापर्यंत सिटी २-१ ने पुढेही होता. मग रियलने दोन गोल करून सामना ३-२ असा नेला, सामन्याचा मानकरी ठरला विनिसियस, आणि फलकाने उलट बळ आलं असं त्याने सांगून टाकलं. परतीच्या सामन्यात रियलच्या एम्बाप्पेने तीन मारले. फलक घडी करून ठेवण्याइतका वेळ सिटीच्या चाहत्यांना पुढे भरपूर मिळाला.

मिलानचं तर काय सांगावं. त्यांनी ऐन हिवाळ्यात फेयेनोर्डचा आघाडीपटू सांतियागो हिमेनेझ विकत घेतला आणि पंधरवड्यात बाद फेरीत गाठ पडली ती फेयेनोर्डशीच. परतीच्या सामन्यात हिमेनेझने ३६ व्या सेकंदाला आपल्या जुन्या क्लबवर गोल केला. पैसे वसूल, असं वाटेपर्यंत तेओ हर्नांडेझ पेनल्टीसाठी खोटंखोटं पडला, दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला आणि दहा जणांच्या मिलानला फेयेनोर्डने घरी बसवलं. दोन सामन्यांच्या मध्ये फेयेनोर्डने प्रशिक्षक बदलला असता तर किस्सा आणखी रंगला असता. त्यांनी तो पहिल्या सामन्याच्याही दोन दिवस आधीच हाकलला होता.

ब्रेस्तवर मात्र हसवत नाही. फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा हा क्लब युरोपात पहिल्यांदाच खेळत होता. त्यांचं स्वतःचं मैदान युएफाच्या निकषांत बसेना, म्हणून ‘घरचे’ सामने शंभराहून अधिक किलोमीटर दूर गिंगाँला. अशा परक्या घरात त्यांनी लेव्हरकुसेनला रोखलं, पीएसव्हीला हरवलं, अठरावे आले. बक्षीस म्हणून त्यांना मिळाला देशबंधू पीएसजी. ०-३ आणि ०-७. त्या सात गोलांचे मानकरीही सात वेगवेगळे. पीएसजीने कुणाला उपाशी ठेवलं नाही.

हाच पीएसजी साखळीच्या पहिल्या पाच सामन्यांत अवघे चार गुण मिळवून रडतखडत चालला होता. त्यांचा या स्पर्धेतला मोसमाचा पहिला गोलसुद्धा त्यांनी केलेला नव्हता. ९० व्या मिनिटाला जिरोनाचा गोलरक्षक गाझानिगा याच्या पायांतून चेंडू निसटून आत गेला, तो. एम्बाप्पे सात वर्षं या क्लबात राहून, चॅम्पियन्स लीग न जिंकताच त्याच उन्हाळ्यात माद्रिदला निघून गेला होता. पीएसजी अखेर पंधरावा आला.

आणि पहिला आला लिव्हरपूल. आठपैकी सात विजय, २१ गुण. बोर्डात पहिला. शेवटच्या सोळात त्याच्यापुढे आला पंधरावा. पॅरिसमध्ये पीएसजीने २७ वेळा गोलावर मारा केला, लिव्हरपूलने दोनदा. सामना लिव्हरपूल १-० ने जिंकला. गोलरक्षक अ‍ॅलिसनने नऊ फटके अडवले आणि ८६ व्या मिनिटाला आत आलेल्या हार्वे एलियटने ८७ व्या मिनिटाला गोल केला. इतक्या निर्लज्ज नशिबाची परतफेड सहा दिवसांत करावी लागली. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर पीएसजीच्या डेम्बेलेने गोल केला, पेनल्टी लागल्या, पीएसजीचा गोलरक्षक डोनारुम्मा याने दोन अडवल्या. बोर्डात पहिला आलेला मार्चमध्येच सुट्टीवर.

दुसऱ्याच दिवशी माद्रिदमध्ये त्याहून अजब घडलं. अ‍ॅटलेटिको आणि रियल यांच्यात पेनल्टी सुरू होत्या. अ‍ॅटलेटिकोचा हुलियान अल्वारेझ धावत आला, फटका मारताना टेकायचा पाय घसरला, चेंडू मात्र गोलात. जल्लोष. मग व्हिडिओ पंचांचा निरोप आला: घसरलेला पाय आधी चेंडूला पुसटसा लागला होता, म्हणजे दोन स्पर्श, म्हणजे गोल रद्द. रियल ४-२ ने जिंकला. पत्रकार परिषदेत प्रशिक्षक सिमिओनेंनी समोर बसलेल्यांना सांगितलं, चेंडूला दोनदा पाय लागलेला ज्यांनी पाहिला त्यांनी हात वर करा. एकही हात वर झाला नाही. जूनमध्ये फुटबॉलच्या नियमांची रखवाली करणाऱ्या मंडळाने खुलासा केला की असा स्पर्श चुकून झाला आणि गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा घ्यायची. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. यात घोडं निदान तीन महिन्यांनी तरी पोचलं.

पुढे रियलला आर्सेनलने गारद केलं. डेक्लन राइसने उभ्या कारकिर्दीत थेट फ्री-किकवर एकही गोल केला नव्हता, त्याने बारा मिनिटांत दोन केले. इंटर मिलानने बार्सिलोनाला दोन सामन्यांत मिळून ७-६ असं काढलं. त्यात ३७ वर्षांच्या अचेर्बी या बचावपटूने ९३ व्या मिनिटाला आघाडीवर जाऊन बरोबरी साधली. पीएसजीने साखळीत सिटीला, मग लिव्हरपूल, व्हिला आणि आर्सेनल अशा चारही इंग्लिश क्लबांना हरवत म्युनिक गाठलं. ३१ मेच्या अंतिम सामन्यात समोर इंटर, ज्याने साखळीच्या आठ सामन्यांत मिळून एकच गोल खाल्ला होता. त्या रात्री त्याने पाच खाल्ले. पहिला घातला पूर्वी इंटरकडूनच खेळलेल्या हकिमीने, आणि घालून लगेच हात जोडून माफीही मागितली. दोन गोल एकोणीस वर्षांच्या दुएचे, शेवटचा एकोणीसच वर्षांच्या मायुलूचा. ५-०, युरोपियन करंडकाच्या अंतिम सामन्यात इतक्या फरकाने कुणी जिंकलं नव्हतं.

पंधरावा संघ करंडक घेऊन गेल्यावर, साखळीत वर येण्याला काही मोल उरावं म्हणून युएफाने पुढच्या मोसमासाठी एक दुरुस्ती केली. तालिकेत वरच्या जागा पटकावणाऱ्यांना उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीतही परतीचा सामना घरच्या मैदानावर खेळायला मिळेल, असं ठरलं. शेवटच्या सोळात ही सवलत आधीपासूनच होती. लिव्हरपूलने ती घेतली होती, जादा वेळेसकट आणि पेनल्टींसकट.